मदत हवी आहे: कारखान्यात सेफ्टी प्रोग्राम कसा सुरू करायचा? (अर्जंट)

भोसरीकर_७७:
मंडळी, शेठनी कालपासून सेफ्टी माझ्या गळ्यात मारली आहे. पंधरा दिवसांनी कस्टमरचं ऑडिट. कुणाकडे तयार फॉरमॅट असेल तर टाका. गूगलवर सगळं रिफायनरीचंच आहे. जरा लवकर!

खारी_बिस्कीट:
कारखाना कशाचा, माणसं किती? आम्ही काय ज्योतिषी आहोत?

भोसरीकर_७७:
सॉरी. प्रेस शॉप, म्हणजे प्रेसमध्ये पत्रा दाबून पार्ट काढतो. ४२ जण, निम्मे कंत्राटी.

कायदेपंडित:
सेफ्टी ऑफिसर नेमलात का? बंधनकारक आहे.

वकीलीणबाई:
४२ माणसांत? १९४८ च्या कारखाना कायद्यात १००० कामगारांची अट होती, २०२० च्या कामगार सुरक्षा संहितेत ५००, धोकादायक प्रक्रिया असेल तर २५०. उगाच घाबरवू नका त्यांना.

पिवळा_पट्टा:
फाइव्ह एस करा, म्हणजे सगळं नीटनेटकं, जागच्या जागी! आम्ही जमिनीवर पट्टे मारले, ४ मार्चला, सुरक्षा दिनाला सगळ्यांना शपथ दिली, बॅज वाटले. ऑडिटर खूश.

माजी_फोरमन:
पट्ट्यांनी बोटं वाचत नाहीत. भोसरीकर, प्रेस पिन क्लचच्या की न्यूमॅटिक, हवेच्या दाबावर क्लच लागणाऱ्या? आणि शेठना सेफ्टी आत्ताच का आठवली?

भोसरीकर_७७:
पाच पिन क्लच, पायडलवाल्या. एक न्यूमॅटिक, तिला दोन बटणं. मागच्या महिन्यात पायडलवालीवर एका हेल्परच्या तर्जनीचं पेर गेलं.

ऑटोमेशनवाला:
सगळ्यांना सेन्सरचा पडदा बसवा. हात आत गेला की प्रेस जागच्या जागी थांबते. रेटसाठी व्यनि करा.

माजी_फोरमन:
पिन क्लचला? अहो, एकदा पिन लागली की रॅम (प्रेसचा वरखाली होणारा भाग) पूर्ण फेरा मारूनच थांबतो. पडदा बघत बसेल. तिथे फिक्स गार्डच, पत्र्याची पट्टी सरकेल एवढीच फट ठेवून. सुटे पीस असतील तर चिमटा नाहीतर मॅग्नेट, हात डायमध्ये (साच्यात) जाताच कामा नये. पायडलवर झाकण. डाय बदलताना मोटर बंद केली तरी फ्लायव्हील, ते जड चाक, फिरत असतं. ते थांबू द्या, मग रॅमखाली ठोकळा. आणि न्यूमॅटिकचं एक बटण कुणीतरी चिकटपट्टीनं दाबून ठेवलं असेल, आत्ता जाऊन बघा.

कीबोर्ड_शहीद:
आमच्या ऑफिसातल्या खुर्चीनं मान धरते. कुठली चांगली?

खारी_बिस्कीट:
वेगळा धागा काढा हो.

भोसरीकर_७७:
काका, बघून आलो. चिकटपट्टी नाही, सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधलाय. ऑपरेटर म्हणतो, दोन्ही हात अडकवले तर टार्गेट बसत नाही. पीसमागे पैसे आहेत त्यांना.

माजी_फोरमन:
मग आधी रेट बदला. नाहीतर उद्या दुसरी ट्यूब.

वकीलीणबाई:
तो हेल्पर ४८ तासांपेक्षा जास्त घरी होता ना? अपघाताची नोटीस गेली? ईएसआयसीत (सरकारी कामगार विमा) कळवलंत?

भोसरीकर_७७:
रजिस्टरमध्ये 'घरी विळीवर भाजी चिरताना' असं लिहिलंय. मी नाही लिहिलं.

वकीलीणबाई:
विळीनं हाड चिरडत नाही, डॉक्टरांच्या कागदावर ते दिसणारच. ऑडिट राहू द्या. नोंद दुरुस्त करायला शेठना आजच लेखी कळवा, प्रत स्वतःकडे ठेवा. त्या मुलाचा ईएसआयसीचा हक्क त्या एका ओळीवर अडकलाय.

नवा_सदस्य:
फॉरमॅट मिळाला का? मलाही हवा आहे.