आई गेल्यापासून बाबांचं खाणं-चालणं बिघडलंय, काय करू?

सातारची लेक:
बाबा ६९ वर्षांचे, साताऱ्यात एकटेच राहतात. आईला जाऊन वर्ष होत आलं. ती असताना दोघं पहाटे अजिंक्यताऱ्यावर जायचे, संध्याकाळी साडेसातला भाजी-भाकरी, आणि बीपीची गोळी आई वाटीत काढून ताटाशेजारी ठेवायची. आता गडावर जाणं बंद. रात्री चहा-खारी, नाहीतर शेव-चुरमुरे. गोळीचं विचारलं की "घेतली असेन" म्हणतात. स्वयंपाकाला मावशी लावल्या, तर पोळ्या गाईला जातात. पुण्याला यायचं नाही म्हणतात, आणि त्यांना त्या घरातून हलवणं मलाही पटत नाही. कुणाच्या घरी असं झालं असेल तर सांगा.

टेकडीवाला:
ताई, मीही विधुर आहे. जोडीने फिरणारा माणूस एकटा दिसला की वाटेत भेटेल तो वहिनींचं काढतो. ते नको म्हणून मी टेकडीच सोडली होती. उपदेशाने हललो नाही. एक मित्र रोज पावणेसहाला फाटकाशी येऊन हाक मारू लागला. कुणी खाली ताटकळत उभं आहे म्हटल्यावर चपला घालाव्याच लागतात. बाबांच्या जुन्या सोबत्यांपैकी एकाला गाठा, आणि आधी गड नको, वेगळा रस्ता धरा.

गोळी-पाणी:
हे हलक्यात घेऊ नका. १९६३ साली ब्रिटनमधल्या पंचावन्नच्या पुढच्या विधुरांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. पत्नी गेल्यावर पहिल्या सहा महिन्यांत त्यांच्यातले मृत्यू त्याच वयाच्या विवाहितांपेक्षा सुमारे ४० टक्के जास्त होते. तो काळ तुमच्या बाबांनी ओलांडलाय, पण बीपी आहे आणि खारी-शेवेत मीठ भरपूर. मेडिकलमध्ये सात वारांची डबी मिळते, ती आणा. "घेतली असेन" म्हणजे एखाद्या दिवशी दोनदाही घेतली जाईल. शिवाय जेवणावरची वासना उडणं, बाहेर पडणं थांबणं हे नैराश्यही असू शकतं. डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर मोफत बोलता येतं.

स्वयंपाकघर एकटीचं:
मी लग्न केलं नाही, वय ५२. एकटं राहिलं की खाण्याची आबाळ होतेच असं नाही. माझ्या सवयी मी एकटीनेच लावल्या. बाबांच्या सवयी मात्र दोघांच्या होत्या, त्यामुळे तिथे दुसरं माणूस लागणारच. साडेसातला व्हिडिओ कॉल लावा आणि तुम्हीही तेव्हाच जेवायला बसा. "जेवलात का" विचारू नका, ताट समोर असू द्या.

सातारची लेक:
रविवारी जातेय, डबी घेऊनच. डॉक्टरांची वेळही घेतली. गडावरच्या एका काकांशी बोलले, ते सोमवारपासून हाक मारायला येतो म्हणालेत.