लांब नाव म्हणजे वाचनीय कोड नव्हे

अर्धा कप :
परवा 'सरळरेघ' यांनी कोडमधल्या नावांबद्दल लिहिलं होतं : "नाव पुरेसं लांब ठेवलं की कॉमेंट (कोडशेजारची टीप) लागत नाही. एका अक्षराचं व्हेरिएबल (किंमत साठवायचं नाव) दिसलं की मी रिव्ह्यू, म्हणजे तपासायला आलेला कोड, तिथूनच परत पाठवतो." दोन दिवस डोक्यातून जात नाहीये, म्हणून वेगळा धागा.

तीन ओळींच्या लूपमध्ये, म्हणजे त्याच ओळी पुन्हा पुन्हा चालवताना, मोजणीच्या 'आय'ला 'करंट_फार्मर_रो_इंडेक्स' केल्याने कसला उजेड पडतो? ओळ स्क्रीनबाहेर जाते आणि बेरीज कशाची चाललीय ते शोधत बसावं लागतं. आय, जे, के आळसातून आलेले नाहीत. गणितात ते आधीपासून होते, आणि फोरट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत आय ते एन या अक्षरांनी सुरू होणारं नाव न सांगता पूर्णांक धरलं जायचं. इतक्या वर्षांत डोळ्यांना ती सवय झाली आहे. तीन ओळींत संपणाऱ्याला एक अक्षर पुरे, दहा फायलींत फिरणाऱ्याला पूर्ण नाव द्या.

शिवाय नाव भरगच्च केलं की ते खोटंही पडतं. विंडोज प्रोग्रामला निरोप पाठवताना सोबत जो आकडा देते, तो डब्ल्यूपॅरम घ्या. डब्ल्यू म्हणजे वर्ड, 16 बिटांचा. पुढे तो 32 चा झाला, मग 64 चा. डब्ल्यू अजून तिथेच. शिकताना या एका अक्षराने माझा आठवडा खाल्लाय.

सरळरेघ :
डब्ल्यूपॅरमचं खापर माझ्या डोक्यावर कशाला? आणि नावाआधी अशी खुणेची अक्षरं लावायच्या हंगेरियन पद्धतीला शिव्या देण्याआधी ती काय होती ते बघा. ती काढणाऱ्या चार्ल्स सिमोनयींना टाइप (पूर्णांक, मजकूर असा माहितीचा प्रकार) लिहायचा नव्हता, अर्थ लिहायचा होता. ओळीचा क्रमांक आणि रकान्याचा क्रमांक दोन्ही पूर्णांकच, पण नावाआधी 'आरडब्ल्यू' आणि 'सीओएल' असलं की चुकून एकमेकांत मिसळताना डोळ्याला खटकतं. विंडोजवाल्यांनी त्याचं टाइप लिहिणं करून टाकलं.

आता माझं ऐका. जमिनीच्या मोबदल्याचं एक सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात आलं. रकान्याचं नाव नुसतं 'क्षेत्र'. त्यात 1.20. भरणाऱ्याच्या मनात 1 एकर 20 गुंठे, म्हणजे दीड एकर. प्रोग्रामने सव्वा एकराहूनही कमी धरलं. शेतकऱ्याचे 12 गुंठ्यांचे पैसे कापले गेले. तो माणूस तीन वेळा एसटीने कचेरीत आला, आणि तीनही वेळा त्याला सांगितलं गेलं की कॉम्प्युटर चुकत नाही. म्हणून मी कडक आहे.

अर्धा कप :
हे वाचून वाईट वाटलं. पण ती चूक नाव आखूड होतं म्हणून झाली नाही, एकक लिहिलं नव्हतं म्हणून झाली. 'शेतकऱ्याच्या_मालकीचं_एकूण_क्षेत्र' ठेवलं असतं तरी 12 गुंठे गेलेच असते. एकक नावात हवं, हे मान्य. तेवढंच मान्य.

तिसरी घंटा :
दोघंही मोठ्या दुखण्याला हात लावत नाही आहात. मराठी शब्द रोमनमध्ये लिहायची सवय! आमच्याकडे विकास सोसायटीचा प्रोग्राम होता. के-एच-ए-टी-ई. एकाने लिहिलं ते खाते, दुसऱ्याने लिहिलं ते खते. सभासदाची येणे बाकी 14 रुपयांनी जास्त निघाली. दोन दिवस व्याजाचं सूत्र तपासत बसलो. ते 14 म्हणजे युरियाच्या गोण्या होत्या. सगळी नावं इंग्रजीत ठेवा, विषय संपला.

कोकणकडा :
विषय कसा संपला? फेरफारला इंग्रजीत काय म्हणणार? म्युटेशन. नव्या पोराला म्युटेशन म्हणजे व्हेरिएबलची किंमत बदलणं एवढंच ठाऊक. आमच्या एकाने खरोखर फेरफाराचं फंक्शन 'साइड इफेक्ट आहे', म्हणजे बाहेरची किंमत गुपचूप बदलतं, म्हणून मोडायला घेतलं होतं. पोटखराबा, आठ-अ, सातबारा यांची भाषांतरं करून तलाठ्याशी बोलणार कसे? मी जर्मनीत काम करतो. इथे माझ्या टीमने करखात्याचे शब्द कोडमध्ये जर्मनच ठेवलेत, बाकी सगळं इंग्रजी. आपल्यालाच लाज का वाटते? सरळ देवनागरीत लिहा. पायथन 3 आल्यापासून, म्हणजे 2008 पासून चालतं.

तिसरी घंटा :
लाजेचा प्रश्न कुठून आला? फ्रँकफर्टहून अभिमान शिकवू नका. आम्ही इथे तालुक्याला बसून मराठीतच काम करतो.

देवनागरी करून बघितलंय. 'शेतकऱ्यांची_यादी'. त्यातला अर्धा र माझ्या कीबोर्डवर नुक्त्याच्या ऱ ला हलन्त देऊन येतो. सहकाऱ्याकडे साधा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा जोडचिन्ह कॅरॅक्टर. दिसायला हुबेहूब. पायथन त्या जोडचिन्हावर अडून एरर तरी देतो. जावास्क्रिप्ट दोन्ही स्वीकारते आणि दोन वेगळी व्हेरिएबल्स धरते! एकात यादी भरली, दुसरं रिकामं. रात्री दीड वाजता ते शोधताना मी रडायच्या बेतात होते.

कोकणकडा :
मी फ्रँकफर्टचा नाही, आणि गाव माझंही आहे. पण ताई, जोडचिन्हाचं मला खरंच माहीत नव्हतं. आत्ता करून पाहिलं. तुम्ही म्हणता तसंच होतंय. तरी फेरफारला म्युटेशन मी म्हणणार नाही. रोमनमध्ये लिहा, पण टीमने शब्दांची एकच यादी करून स्पेलिंग ठरवा. खात्याला दोन ए, खताला एक.

तिसरी घंटा :
यादी ठीक आहे. सांभाळणार कोण, ते आधी ठरवा. आमची यादी ज्याच्याकडे होती तो नोकरी सोडून गेला.

सरळरेघ :
मूळ मुद्दा राहिलाच. एक अक्षरावर रिव्ह्यू परत पाठवतो हे वाक्य मी मागे घेतो, छोट्या लूपपुरतं. टीएमपी (टेम्पररी, तात्पुरतं), टीएमपी1, टीएमपी2 दिसले तर अजूनही परत पाठवणार, त्यावर वाद नको.

अर्धा कप :
त्यावर वाद नव्हताच. त्या क्षेत्राच्या रकान्याचं पुढे काय केलंत?

सरळरेघ :
'क्षेत्र_गुंठे' केलं, पूर्णांकात. 60 म्हणजे दीड एकर, दशांशाचा प्रश्न नाही. पण जुन्या नोंदींत 1.2 असं जिथे आहे तिथे ते 1 एकर 2 गुंठे की 1 एकर 20 गुंठे, हे कोडमधून कळत नाही. शेवटचं शून्य डेटाबेसने केव्हाच टाकून दिलंय. गावागावांतून मूळ अर्ज मागवलेत, एकेक कागद हाताने लावतोय.