कॅल्डर खोऱ्यातील मूरवर माउंटन बाइक: मार्ग कसा निवडावा?

प्रश्न: हेदरवाट

नमस्कार. मी आणि माझी पत्नी लीड्समध्ये राहतो. जंगलात खास बांधलेल्या ट्रेलवर सायकल चालवण्याचा आम्हा दोघांना चांगला सराव आहे. आता वेस्ट यॉर्कशरमधल्या कॅल्डर खोऱ्यात, हेब्डन ब्रिज आणि टॉडमॉर्डनच्या वर पसरलेल्या मूरवर, म्हणजे हेदरच्या झुडपांनी भरलेल्या उघड्या माळरानावर, जाण्याची इच्छा आहे. नकाशात मेरी टाउनली लूप हा ४७ मैलांचा वर्तुळाकार मार्ग दिसतो आणि तो एका दिवसात पूर्ण करणारेही आहेत असे वाचले. मूरचा बराच भाग सर्वांना फिरण्यासाठी खुला आहे, तर तिथे सायकल कुठेही नेता येते का? पहिल्याच वेळी पूर्ण लूप धरणे शहाणपणाचे आहे का? आणि बांधीव ट्रेलच्या तुलनेत इथली जमीन नेमकी कशी असते? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उत्तर: नकाशावाचक

पहिल्या शंकेचे उत्तर आधी देतो, कारण मार्ग कुठून न्यायचा हे त्यावरच ठरते. मूर खुली आहे ती पायी चालणाऱ्यांसाठी. काउंट्रीसाइड अँड राइट्स ऑफ वे ॲक्ट, २००० या कायद्याने जो मुक्तपणे फिरण्याचा हक्क दिला, त्यात सायकल येत नाही. सायकलस्वारांचा हक्क त्याहून जुना आहे. १९६८ च्या काउंट्रीसाइड ॲक्टने इंग्लंड आणि वेल्समधल्या ब्रायडलवेवर, म्हणजे पादचाऱ्यांसोबत घोडेस्वारांनाही खुल्या असलेल्या सार्वजनिक वाटांवर, सायकल चालवण्याची मुभा दिली. मात्र पादचारी आणि घोडेस्वार यांना आधी वाट द्यायची, अशी अट त्याच कलमात आहे. सायकलस्वारांच्या सोयीसाठी वाट सुधारण्याचे बंधन कोणावरही नाही, हेही तिथेच म्हटले आहे. हे वाक्य किरकोळ वाटते, पण मूरवर गेल्यावर त्याचा अर्थ कळतो: वाट घोड्याला चालण्याजोगी असेल, तर चाकाखाली ती कितीही खडबडीत असली तरी तक्रारीला जागा नाही.

ऑर्डनन्स सर्व्हेचा एक्सप्लोरर ओएल२१ हा १:२५,००० प्रमाणाचा नकाशा जरूर घ्या. त्यात हिरव्या आखूड तुटक रेषा पायवाटेच्या आणि लांब तुटक रेषा ब्रायडलवेच्या असतात. प्रत्यक्ष जागेवर पायवाटेला पिवळा बाण असतो, ब्रायडलवेला निळा. जांभळट आणि लाल बाणांच्या बायवे या जुन्या गाडीवाटांवरही सायकल चालते. पायवाटेवर सायकल चालवणे हा सहसा फौजदारी गुन्हा ठरत नसला, तरी तो जमीनमालकाच्या हक्काचा भंग आहे, आणि ज्या भागात या वाटांसाठी लोकांनी वर्षानुवर्षे चळवळ केली, तिथे तो करू नये असे माझे स्पष्ट मत आहे. मेरी टाउनली या स्वतः अशाच चळवळीतल्या घोडेस्वार होत्या. २००२ मध्ये खुल्या झालेल्या या लूपला त्यांचे नाव दिलेले आहे.

फसगत होण्याची एक जागा मुद्दाम सांगतो. हेब्डन ब्रिज आणि टॉडमॉर्डनच्या मधल्या कॅलिस पुलाजवळ पेनाइन वे आणि पेनाइन ब्रायडलवे (लूप याचाच भाग आहे) या दोन लांब पल्ल्याच्या वाटा एकमेकींच्या अगदी जवळ येतात. दोन्ही राष्ट्रीय ट्रेल असल्यामुळे दोहोंच्या खांबांवर ओकच्या फळाचे तेच चिन्ह कोरलेले असते. १९६५ मध्ये सुरू झालेला पेनाइन वे मुख्यतः पायी चालणाऱ्यांचा आहे. तेव्हा फळाचे चिन्ह पाहून वळू नका, बाणाचा रंग पाहा. वर स्टूडली पाइक या टेकडीवरच्या स्मारकाकडे आणि तिथल्या कड्याच्या कडेने जाणारी वाट डोळ्यांना कितीही खुणावत असली, तरी तुमची वाट खालच्या अंगाने जाते.

उत्तर: जुनी फरसबंदी

कायद्याची बाजू वर नीट आली आहे, म्हणून मी जमिनीबद्दल लिहिते.

या खोऱ्याची रचना समजली की मार्गाची आखणी सोपी होते. खोऱ्याचा तळ अरुंद आहे आणि पूर्वी तो दलदलीचा होता, त्यामुळे लोकर, कापड, मीठ आणि चुना वाहणाऱ्या लादलेल्या घोड्यांचे तांडे उताराच्या मध्यावरच्या सपाट टप्प्यावरून जात. हेप्टनस्टॉल आणि मॅनकिनहोल्स ही गावे त्या टप्प्यावरच वसली. गिरण्या, कालवा आणि रेल्वे खाली आली ती नंतर. म्हणून तळापासून टप्प्यापर्यंतचा चढ आखूड पण अंगावर येणारा असतो आणि त्यानंतर बराच वेळ तुलनेने सपाट चालवता येते. लूपची खरी दमछाक अंतरात नाही. एका खोऱ्यातून उतरून लगेच समोरच्या चढाला लागायचे, हे दिवसभर होत राहते आणि शेवटचे चढ थकल्या पायांनी चढावे लागतात. तुम्हा दोघांना सराव असला तरी पहिल्या वेळी पूर्ण लूप घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन.

आता दगड. घोड्यांच्या जुन्या वाटांवर ग्रिटस्टोनच्या, म्हणजे खरखरीत वालुकाश्माच्या, मोठ्या फरश्या एका ओळीत बसवलेल्या आहेत. शतकानुशतकांच्या टापांनी आणि पावलांनी त्या मध्यभागी झिजून पन्हाळीसारख्या खोलगट झाल्या आहेत. त्या खोलगट भागात पाणी साठते, शेवाळ धरते, आणि दोन फरश्यांमधल्या फटीत पुढचे चाक नेमके अडकते. कोरड्या ग्रिटस्टोनवर टायरची पकड उत्तम असते, पण शेवाळलेल्या ओल्या फरशीवर ब्रेक दाबला की चाक सरकलेच म्हणून समजा. ब्रेक फरशीच्या आधी लावावा, फरशीवर सायकल सरळ ठेवून तिला मोकळी जाऊ द्यावी. उतारावर पाणी बाजूला काढण्यासाठी कडेवर उभे केलेले दगड वाटेला आडवे बसवलेले असतात. ते शक्य तितके काटकोनात ओलांडावेत, कारण तिरके घेतल्यास टायर घसरतो, आणि हवा फार कमी असेल तर ट्यूब दगड आणि रिम यांच्यामध्ये चिमटली जाते.

लूपच्या नैऋत्येकडील रूली मूर रोडवर वेगळीच फरसबंदी आहे. अमेरिकेतल्या १८६१ ते १८६५ च्या यादवी युद्धात कापूस येणे थांबले, लँकेशरच्या गिरण्या बंद पडल्या, आणि बेकार झालेल्या कामगारांना मजुरी देऊन हा रस्ता बांधून घेतला गेला. चौकोनी दगडांच्या त्या ओळींवरून सायकल मैलभर थरथरत राहते. पण ते दगड कोणत्या हातांनी बसवले हे ठाऊक असले की तिथे थांबून एकदा मागे वळून पाहावेसे वाटते.

आणि पीट. ही काळी, स्पंजासारखी माती वर्षाला जेमतेम एक मिलिमीटर या गतीने साचते. चाकाने पडलेल्या चरातून पावसाचे पाणी वाहू लागले की चर खोल होत जातो. डबके टाळण्यासाठी वाटेच्या बाहेरून वळसा घेतला की वाट रुंदावते आणि कडेचे शेवाळ व कापूसगवत मरते. पाणी उथळ असेल तर त्यातून सरळ जा, नाहीतर उतरून सायकल हाताने न्या.

पहिल्या फेरीसाठी माझी सूचना अशी: हेब्डन ब्रिज स्थानकापासून रॉचडेल कालव्याच्या काठाने कॅलिस पुलापर्यंत या, तिथून निळ्या बाणांनी दक्षिणेकडे चढा, स्टूडली पाइकच्या खालून जाणाऱ्या लंडन रोड नावाच्या जुन्या वाटेने मॅनकिनहोल्स गाठा, लंबट्सवरून रस्त्याने टॉडमॉर्डनला उतरा आणि कालव्याच्या काठाने परत या. सुरुवातीचा चढ बहुधा थोडा ढकलत न्यावा लागेल. वर पोहोचल्यावर मात्र एका बाजूला मूर आणि दुसऱ्या बाजूला संपूर्ण खोरे दिसते. अर्ध्या दिवसात हे निवांत होते, आणि दमलात तर टॉडमॉर्डनहून रेल्वेही आहे. ही फेरी जमली की पुढे विडॉप तलावावरून हर्स्टवुडकडे जाणारा गॉर्पल रोड घ्यावा. तो अधिक उघडा आहे आणि वाऱ्याच्या दिवशी नकोच.

हेदरवाट

दोघांचेही मनापासून आभार. लंडन रोडची फेरीच करायचे ठरवले आहे. आणखी दोन गोष्टी विचारतो: पत्नीची सायकल विजेवर चालणारी आहे, ती ब्रायडलवेवर चालते का? आणि आम्हाला ऑक्टोबरच्या अखेरीसच सवड आहे, तेव्हा जावे की वसंतापर्यंत थांबावे?

उत्तर: नकाशावाचक

मोटर २५० वॉटपर्यंतची असेल, पॅडल मारल्यावरच मदत करत असेल आणि ताशी १५.५ मैलांवर ती मदत थांबत असेल, तर कायद्याने ती साधी सायकलच आहे. फक्त फाटकांशी आणि ढकलण्याच्या जागी तिचे वजन जाणवेल.

ऑक्टोबरला हरकत नाही, पण महिन्याच्या शेवटच्या रविवारी घड्याळे तासभर मागे जातात आणि त्यानंतर पाचच्या आधीच सूर्य मावळतो, म्हणून सकाळी लवकर निघा आणि दिवे सोबत ठेवा. ओल्या वाळूत साधे ब्रेक पॅड लवकर झिजतात, तेव्हा धातुमिश्रित पॅड लावून घ्या. आधी सलग पाऊस झाला असेल तर मूरचा बेत सोडून बॅकपजवळच्या ली क्वॉरीला जा. बंद पडलेल्या दगडखाणीत बांधलेले ते ट्रेल पाण्याचा निचरा लवकर करतात आणि तुमच्या ओळखीच्या पद्धतीचे आहेत.

उत्तर: जुनी फरसबंदी

वसंतात गेलात तर एक गोष्ट लक्षात असू द्या. कर्ल्यू आणि गोल्डन प्लोव्हर हे पक्षी मूरवर जमिनीवरच घरटी करतात, त्यामुळे १ मार्च ते ३१ जुलै या काळात खुल्या जमिनीवर कुत्र्यांना आखूड दोरीने बांधून ठेवावे लागते. सायकलस्वारांनी या काळात विश्रांतीलाही हेदरमध्ये आत शिरू नये.

घोडा मागून गाठताना लांबूनच बोलून सूचना द्या, वेग उतरवा आणि स्वाराने खूण केल्यावरच रुंद जागी पुढे जा. समोरून आला तर सायकल थांबवून उताराच्या बाजूला उभे राहा. फाटक ज्या स्थितीत मिळाले त्याच स्थितीत ठेवा. पलीकडे मेंढ्या असतात.

वर अपघात झाला तर ९९९ ला फोन करून आधी पोलीस आणि मग माउंटन रेस्क्यू, म्हणजे डोंगरातले बचाव पथक, मागायचे असते. काही घळींमध्ये बोलण्याइतके नेटवर्क मिळत नाही, पण लिखित संदेश जाऊ शकतो. त्यासाठी फोनची आधी नोंदणी लागते. घरून निघण्यापूर्वीच ९९९ या क्रमांकावर 'रजिस्टर' हा शब्द इंग्रजीत पाठवून उत्तरात येईल तसे करा. हे दोघांच्याही फोनवर करून ठेवा.