मदत हवी आहे: आठवड्याला नव्वदेक गावरान अंडी उरतात, पुण्यात विकताना घोळ होतोय

नमस्कार मंडळी,

आमचं गाव पानशेत रस्त्याला, खडकवासल्याच्या बरंच आत. घरात सासूबाई, नवरा, मी आणि दोन मुलं. कोंबड्या मूळच्या सासूबाईंच्या. मी लग्न होऊन आले तेव्हा सात-आठ असतील, पाहुणा आला की एक कमी व्हायची. मागच्या पावसाळ्यात खडकीच्या सरकारी अंडी उबवणी केंद्रातून गिरिराज या सुधारित जातीची एक दिवसाची पिल्लं आणली. मुंगसाने नेली ती नेली, उरलेल्या तलंगा, म्हणजे कोवळ्या माद्या, जानेवारीत अंड्यावर आल्या. आता बारा गावरान आणि चोवीस गिरिराज अशा छत्तीस कोंबड्या आहेत, वर तीन कोंबडे. रोज सोळा-अठरा अंडी निघतात. मुलं कितीही खाऊ देत, आठवड्याला नव्वदच्या आसपास उरतातच.

आधी धायरीच्या एका दुकानदाराला देत होते. तो आठ रुपयांनी घ्यायचा आणि माझ्या डोळ्यांदेखत पाटीवर ‘गावरान १५’ लिहायचा. शिवाय माझ्या अंड्यांशेजारी चहाच्या रंगाच्या, एकसारख्या आकाराच्या अंड्यांचा ट्रे असायचा, त्यालाही तीच पाटी. आमच्या कोंबड्यांची अंडी कधी एकसारखी नसतात. एक पांढुरकं, एक फिकट बदामी, एक एवढंसं. गिऱ्हाईक साहजिकच देखणी अंडी उचलायचं.

म्हणून वारज्याच्या एका सोसायटीत व्हॉट्सॲपवर ऑर्डर घ्यायला सुरुवात केली. शनिवारी सकाळी स्कूटीवरून जायचं, दहा रुपये अंडं, किमान डझन. दोन महिने छान चाललं. मग मे महिन्यातल्या एका रविवारी सकाळी साडेसातला ग्रुपवर फोटो आला. स्टीलच्या वाटीत फोडलेलं अंडं आणि त्यात लाल. खाली फक्त, ‘ताई, हे काय आहे?’ मी अंथरुणातून उठेपर्यंत खाली अकरा मेसेज. पैसे परत केले, माफी मागितली, तरी चार घरं गळाली. एक आजी आता म्हणतात, ‘मला फक्त शाकाहारी अंडी आण.’

हे का झालं आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय करू? दहा रुपये भाव बरोबर आहे का? ट्रेमधली दोन-तीन अंडी दर खेपेला फुटतात, रस्ता तुम्हाला माहीतच आहे. आणि तोंडावर श्रावण आहे, तेव्हा या नव्वद अंड्यांचं काय करायचं? लायसन्स वगैरे लागतं का तेही सांगा, सोसायटीच्या सेक्रेटरींनी विचारलंय.

प्रतिसाद – खुराडेवाला

ताई, आधी एक सांगा. लाल म्हणजे ठिपका होता की जाळं? बलकावर एखादा लाल ठिपका असेल तर त्याचा कोंबड्याशी काही संबंध नाही. अंडं तयार होताना बारीक रक्तवाहिनी फुटते आणि तो ठिपका राहतो. बिनकोंबड्याच्या पोल्ट्रीतही हे होतं. सुरीच्या टोकाने काढून टाकायचा आणि अंडं खायचं. पण कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल रेघा असतील तर ते अंडं उबलेलं आहे.

प्रतिसाद – धागाकर्ती

फोटो पुन्हा मोठा करून पाहिला. जाळंच आहे, दादा. मध्ये काळसर टिंबही दिसतंय. उन्हामुळे झालं असेल का? आमच्याकडे मेमध्ये पत्र्याखाली भट्टी असते.

प्रतिसाद – खुराडेवाला

उन्हाने थोडी सुरुवात होऊ शकते. फलित अंडं विशीच्या पुढच्या तापमानात हळूहळू जागं व्हायला लागतं. पण एवढं स्पष्ट जाळं दिसायला कोंबडीखालची सलग ऊब लागते, तीही तीनेक दिवस. उबवणीचं तापमान ३७.५ अंशांच्या आसपास असतं. म्हणजे ते अंडं खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेल्या, कोंबडीच्या पोटाखालून आलंय. मे महिन्यात तुमच्याकडे कोणी खुडूक होती का? आणि बसवलेल्या अंड्यांवर खूण कशाने करता?

प्रतिसाद – धागाकर्ती

सापडलं! दोन गावरान खुडूक होत्या. एकीला सासूबाईंनी अकरा अंड्यांवर बसवलं होतं. त्या कोळशाने फुली मारतात, त्यांच्या आईपासूनची पद्धत. बाकीच्या कोंबड्याही तिच्याच डालग्यात जाऊन अंडी घालतात, म्हणून ती रोज वेचावी लागतात. वेचायचं काम माझ्या मुलीचं. आणि अंडी स्वच्छ दिसावीत म्हणून मी सगळी ओल्या फडक्याने पुसते. कोंबडीच्या पोटाला घासून फुली आधीच पुसट झाली असणार, मुलीने नवं समजून उचललं आणि उरलासुरला कोळसा माझ्या फडक्याने गेला. सासूबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, ‘अकरातली दहाच निघाली तेव्हाच मी म्हटलं होतं, घुशीने नेलं.’

प्रतिसाद – खुराडेवाला

घूस सुटली एकदाची. आता ऐका. खूण शिसपेन्सिलने करा, अंड्याला गोल वळसा घालून, म्हणजे कुठूनही दिसते. खुडूक कोंबडीला वेगळी खोली द्या, नाहीतर वेगळं खुराडं, जिथे बाकीच्या पोचणार नाहीत. अंडी दिवसातून तीनदा वेचा, उन्हाळ्यात तर नक्कीच. बहुतेक कोंबड्या सकाळीच घालतात, त्यामुळे अकराची फेरी चुकवू नका.

ओलं फडकं आजपासून बंद. कवचाला हजारो बारीक छिद्रं असतात आणि वरच्या साईसारख्या थराने ती झाकलेली असतात. तो थर पाण्याने गेला की घाण आत जायला वाट मिळते आणि अंडं लवकर खराब होतं. त्यात पाणी गार असेल तर आतलं आकसतं आणि बाहेरचं ओढून घेतं. शेण लागलं असेल तर कोरड्या खरबरीत फडक्याने घासा. फारच माखलेलं असेल तर घरी उकडून खा, विकू नका. मुळात खोक्यातलं तूस दर आठवड्याला बदललं की अंडी माखतच नाहीत.

शनिवारी निघण्याआधी अंधाऱ्या खोलीत मोबाईलच्या टॉर्चवर प्रत्येक अंडं धरून पाहा. रुंद टोकाला हवेची पोकळी दिसते, ती लहान म्हणजे अंडं ताजं. रेघा किंवा लाल कडं दिसलं की बाजूला. नव्वद अंड्यांना पंधरा मिनिटं पुरतात.

प्रतिसाद – मुळशीकर काका

कोंबडे वेगळे केले की अंडी फलित होत नाहीत, म्हणजे आजींचा शाकाहारी प्रश्नही मिटतो. अंडी घालायला कोंबडा लागत नाही, हे शहरात निम्म्या लोकांना ठाऊक नसतं. पण घाईने ग्रुपवर जाहीर करू नका. कोंबडा काढल्यावरही दोन-तीन आठवडे अंडी फलित निघू शकतात. महिनाभर थांबा, मग सांगा.

भावाचं म्हणाल तर दहा कमी आहेत. खाद्य किती जातं?

प्रतिसाद – धागाकर्ती

दिवसभर मोकळ्याच असतात. संध्याकाळी भरड आणि लेअर खाद्य मिळून रोज सव्वादोन किलो टाकते, साधारण तीस रुपये किलोने पडतं. म्हणजे अंड्याला चार रुपये. सहा सुटतात की.

प्रतिसाद – मुळशीकर काका

कसले सुटतात! पिल्लांचे पैसे, लसी, मुंगसाने नेलेल्या कोंबड्या, पेट्रोल, फुटलेली अंडी. शिवाय पिसं गाळायला लागल्या की दोन महिने खातील आणि देणार काही नाहीत. दिवस लहान झाला की अंडी कमी होतात, ते वेगळंच. हा सगळा खर्च आत्ताच्या अंड्यांतून निघायला हवा. तेरा-चौदा लावा. वर्तमानपत्रातला अंड्याचा भाव पाहून घासाघीस करणाऱ्यांना सांगा, तो पिंजऱ्यातल्या पांढऱ्या अंड्यांचा घाऊक भाव आहे. तुमच्या बारा गावरान कोंबड्या वर्षाला प्रत्येकी साठ-सत्तर अंडी देतात, पिंजऱ्यातली तीनशे देते.

एक पोटतिडकीने सांगतो, रागावू नका. गिरिराजची अंडी ‘गावरान’ म्हणून विकू नका. दोन ट्रे वेगळे ठेवा, ‘गावरान’ आणि ‘मोकळ्या फिरणाऱ्या कोंबड्यांची’. दुकानदाराच्या पाटीचा राग आला ना तुम्हाला? मग आपली पाटी तरी खरी हवी.

प्रतिसाद – धागाकर्ती

काका, हे लागलं, पण खरं आहे. मी सगळी एकत्रच विकत होते.

प्रतिसाद – कागदवाला

लायसन्सबद्दल. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ मध्ये ‘प्राथमिक अन्न’ म्हणजे शेती, पशुपालन वगैरेतून नैसर्गिक स्वरूपात मिळालेलं अन्न, पण ते शेतकरी किंवा मच्छीमार सोडून इतर कुणाच्या हाती असताना. म्हणजे स्वतःच्या कोंबड्यांची अंडी स्वतः विकणारा पशुपालक त्या व्याख्येबाहेर राहतो. पण शेजारच्या चार घरांची अंडी गोळा करून विकायला लागलात की तुम्ही व्यापारी. मग छोट्या व्यावसायिकाची नोंदणी करून घ्या. मी केली तेव्हा वर्षाला १०० रुपये फी होती. सेक्रेटरींना एवढं सांगा, आणि तरी कागदच हवा म्हणाले तर नोंदणी करून टाका, वाद घालत बसू नका. ‘सेंद्रिय’ हा शब्द मात्र प्रमाणपत्राशिवाय पिशवीवर लिहू नका.

प्रतिसाद – सिंहगड रोडचं गिऱ्हाईक

मी विकणारी नाही, घेणारी आहे, म्हणून वेगळं सांगते. मला अंडी लहानमोठी असली तरी चालतात. चालत नाही ते हे, की एका शनिवारी येतात, पुढच्या शनिवारी फोन बंद. डब्यावर तारीख असली आणि कमी अंडी असतील तेव्हा आदल्या दिवशी कळवलं, तर मी दोन रुपये जास्त देईन. आणि फोटो आला तेव्हा तुम्ही पैसे परत केलेत, तसं कारणही ग्रुपवर लिहा. घुशीच्या गोष्टीसकट लिहा.

फुटण्याबद्दल: माझी आत्या भोरहून एसटीने अंडी आणायची, पत्र्याच्या डब्यात साळीचं तूस भरून. एक थर तूस, एक थर अंडी, निमुळतं टोक खाली. एकही फुटायचं नाही. स्कूटीवर पुढे पायापाशी डबा ठेवा, डिकीत नको, डिकीत धक्केही बसतात आणि तापतंही.

प्रतिसाद – खुराडेवाला

कवच पातळ असेल तर तुसाचाही उपयोग नाही. उन्हात कोंबडी धापा टाकते, खाणं कमी होतं, कवच पातळ पडतं. शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, जिला हवा ती खाईल. घरची अंड्यांची टरफलं वाळवून, बारीक कुटून दिलीत तरी चालतं, फक्त अख्खी टाकू नका, अंडी फोडून खायची सवय लागते.

श्रावणाचं उत्तर सोपं नाही. पिल्लं काढू म्हणाल तर भर पावसात ओलीत रक्ती हगवण लागते आणि निम्मी जातात. न धुतलेली अंडी फ्रिजमध्ये तीन-चार आठवडे छान राहतात, पण तुमच्या फ्रिजमध्ये साडेतीनशे अंडी मावतील का?

प्रतिसाद – मुळशीकर काका

नऱ्हे-आंबेगावकडे कॉलेजची पोरं खोल्या घेऊन राहतात. जिमला जाणाऱ्यांना श्रावण नसतो. तीस-तीसचे ट्रे द्या, उधारी मात्र ठेवू नका.

प्रतिसाद – धागाकर्ती (पाच आठवड्यांनी)

उशीर झाला, मंडळी, भातलावणीत होते. काय काय झालं ते सांगते.

ग्रुपवर सगळं लिहिलं, घुशीसकट. चारपैकी तीन घरं परत आली. चौथ्यांनी हसण्याचं चित्र पाठवलं, ऑर्डर नाही. गावरान पंधरा, दुसरी बारा असा भाव लावला आणि अंदाज नव्हता, पण बाराची आधी संपतात. डब्यावर तारीख पेन्सिलने मुलगीच लिहिते, अक्षर छान आहे तिचं. तुसाच्या डब्यामुळे गेल्या तीन खेपांत मिळून एक अंडं फुटलं, तेही सोसायटीच्या लिफ्टमध्ये माझ्याच हातून. नऱ्ह्याची पाच पोरं मिळालीत, आठवड्याला दोन ट्रे, पैसे आधी.

दोन कोंबडे विकले. तिसरा सासूबाईंनी देऊ दिला नाही, म्हणाल्या, ‘घराला बांग हवी.’ म्हणून त्याला सहा गावरान कोंबड्यांसोबत मागच्या वाडग्यात वेगळं ठेवलंय. ती अंडी घरी खातो. महिना उलटल्यावर आजींना निरोप दिला. त्यांनी डझन घेतली आणि विचारलं, ‘नक्की ना?’

आता नवीनच प्रश्न आलाय. पौडकडचे एक गृहस्थ हा कोंबडा पाहून गेले. त्यांना पाऊस सरल्यावर बसवायला गावरान अंडी हवी आहेत, आठवड्याच्या आतली, न पुसलेली. ज्या अंड्यांपायी मी माफी मागत होते, तीच ते मागून नेणार. नमुना म्हणून डझन द्यायचं ठरलं, तर सासूबाईंनी एकेक अंडं उजेडात फिरवून लांबुळकी बाजूला काढली आणि तेरा मोजून दिली. बसवायची अंडी सम नसतात म्हणे. मी पैसे बाराचेच घेतले, पंधराच्या भावाने, आणि ते इतक्या चटकन देऊन गेले की भाव कमी सांगितला असं वाटतंय. बसवायच्या अंड्याला तुमच्याकडे काय लावतात?