हवार बेटांचा १९३९ चा निर्णय : लवाद की सरकारी हुकूम?

गोदाकाठ (नांदेड) :
निजाम संस्थान आणि हैदराबादची ब्रिटिश रेसिडेन्सी (संस्थानातील ब्रिटिश प्रतिनिधीची कचेरी) यांच्या संबंधांवर मी एक टिपण तयार करीत आहे. त्या ओघात आखातातील रेसिडेन्सीविषयी वाचताना बहरीन आणि कतार यांच्यातील हवार बेटांच्या वादापाशी अडलो आहे. ही बेटे कतारच्या किनाऱ्याला जवळजवळ चिकटून आहेत, बहरीनपासून मात्र बरीच दूर आहेत. तरीही ११ जुलै १९३९ रोजी ब्रिटिशांनी ती बहरीनची ठरवली आणि २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. हा निर्णय खरोखर लवादाचा होता, की त्रयस्थाचा आव आणून दिलेला हुकूम होता? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

जुने दप्तर (छत्रपती संभाजीनगर) :
या वादाच्या मुळाशी तेल आहे. १९३२ मध्ये बहरीनमध्ये तेल लागले आणि १९३५ मध्ये कतारच्या शेखांनी तेलाचा परवाना दिला. त्यानंतर ज्या ओसाड बेटांकडे कोणी फारसे पाहत नव्हते, त्यांची मालकी ठरवणे कंपन्यांना आणि पर्यायाने ब्रिटिशांना आवश्यक वाटू लागले. १९३६ च्या एप्रिलमध्ये बहरीनने हवारवर लेखी दावा केला. बहरीनच्या शासकांचे सल्लागार चार्ल्स बेलग्रेव्ह हे स्वतः इंग्रज होते, हे येथे ध्यानात ठेवावे. त्याच वर्षीच्या जुलैमध्ये ब्रिटिशांनी बहरीनच्या बाजूने तात्पुरते मत बनवले, मात्र कतारला ते कळवले नाही. पुढे बहरीनने बेटावर गढी बांधली आणि १९३८ च्या मे महिन्यात कतारचे शेख अब्दुल्ला बिन जासिम अल थानी यांनी तक्रार केली, तेव्हा पुरावा मांडण्याची जबाबदारी त्यांच्यावरच आली. म्हणजे ज्याच्या ताब्यात वस्तू आहे त्याने स्वस्थ बसायचे आणि ज्याची तक्रार आहे त्याने धावपळ करायची. बहरीनमधील पोलिटिकल एजंट (ब्रिटिश सरकारचे स्थानिक प्रतिनिधी) ह्यू वेटमन यांनी १९३९ च्या एप्रिलमध्ये अहवाल पाठवला आणि तीनच महिन्यांत निर्णय झाला. शेख अब्दुल्ला यांनी ऑगस्टमध्ये निषेध नोंदवला, पण प्रकरण पुन्हा उघडले गेले नाही.

वहिवाट (लातूर) :
दप्तर सर, आपली मांडणी योग्य आहे, परंतु वकिलीच्या अनुभवावरून थोडी भर घालते. आपल्याकडे बांधाचे भांडण कोर्टात आले की शेत कोणाच्या बांधाला लागून आहे यापेक्षा वहिवाट कोणाची, हे आधी पाहिले जाते. वेटमन यांनीही जवळ-दूर या मुद्द्यापेक्षा बहरीनच्या ताब्याला अधिक महत्त्व दिले. दवासिर जमातीचे लोक हवारवर हंगामी वस्ती करीत होते आणि ते आपली प्रजा आहेत, असे बहरीनचे म्हणणे होते.

मात्र २००१ च्या निकालात न्यायालय वहिवाटीच्या खोलात गेलेच नाही, आणि नेमकी हीच बाब अनेकांच्या नजरेतून सुटते. १९३९ चा निर्णय आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अर्थाने लवादाचा निवाडा नव्हे, हे न्यायालयाने मान्य केले. परंतु दोन्ही शासकांनी हा प्रश्न ब्रिटिश सरकारने सोडवावा अशी संमती दिली होती, म्हणून तो निर्णय बंधनकारक ठरतो, असे बहुमताने म्हटले. हवारबाबतचा कौल १२ विरुद्ध ५ असा होता. तेव्हा आपल्या प्रश्नाचे उत्तर असे की, तो लवाद नव्हता, तरीही बांधून ठेवणारा होता. कतारच्या बाजूने दाखल झालेल्या ८२ कागदपत्रांच्या खरेपणावर बहरीनने आक्षेप घेतला आणि शेवटी कतारने त्या कागदांचा आधार सोडून दिला, हेही नोंदवून ठेवते. अर्थात हवारचा निकाल त्या कागदांवर फिरला असे मात्र नव्हे.

गोदाकाठ :
वकीलताई, आभारी आहे. तरीही संमतीचा हा मुद्दा मला पटत नाही. कतार आणि ब्रिटिश यांच्यातील १९१६ च्या कराराने ज्या शासकाचे परराष्ट्र व्यवहार ब्रिटिशांच्या संमतीशिवाय चालूच शकत नव्हते, त्याने दुसऱ्या कोणाकडे दाद मागायची होती? पर्यायच नसेल तर त्या संमतीला संमती कसे म्हणावे?

जुने दप्तर :
आपला आक्षेप रास्त आहे, आणि तो वऱ्हाडच्या प्रकरणाशेजारी ठेवून पाहिला तर अधिक स्पष्ट होतो. १८५३ मध्ये निजामाकडून गेलेले आणि १९०२ मध्ये सालिना २५ लाख रुपयांच्या कायम भाडेपट्ट्यात अडकलेले वऱ्हाड सातव्या निजामांनी परत मागितले, तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंग यांनी १९२६ च्या मार्च महिन्याच्या पत्रात ब्रिटिशांच्या सार्वभौमत्वापुढे कोणताही संस्थानिक बरोबरीच्या नात्याने वाटाघाटी करू शकत नाही, असे सुनावले आणि चौकशी आयोगाची मागणीही फेटाळली. हैदराबादेत ब्रिटिश स्वतःच पक्षकार होते, म्हणून त्रयस्थाला त्यांनी वाव दिला नाही. हवारबाबत मात्र पक्षकार दोघे शेख होते, म्हणून न्यायाधीशाची खुर्ची त्यांनी स्वतःकडे घेतली. हैदराबाद आणि बुशहर (इराणच्या किनाऱ्यावरील आखाती रेसिडेन्सीचे ठाणे) येथील दोन्ही रेसिडेंट १९३७ पर्यंत भारत सरकारच्या एकाच परराष्ट्र व राजकीय खात्याला उत्तरदायी होते, हे आपल्या टिपणात अवश्य यावे.

वहिवाट :
एवढे मान्य आहे. फक्त निकाल सरसकट बहरीनच्या बाजूने होता असे लिहू नये. कतारच्या वायव्य किनाऱ्यावरील झुबारा, जिथून निघून बहरीनच्या खलिफा राजघराण्याने १७८३ मध्ये बहरीन जिंकले, ते न्यायालयाने एकमताने कतारचे ठरवले. हवारच्या दक्षिणेचे जनान बेटही कतारला मिळाले, आणि त्यासाठी आधार ठरला तो डिसेंबर १९४७ मध्ये ब्रिटिशांनीच दोन्ही शासकांना पाठवलेल्या पत्राचा. जनान हा हवारचा भाग मानू नये, असे त्यात नमूद होते.