धावत्या लॅब्रॅडॉरला शिट्टीवर थांबवायचंय, मदत हवी आहे

मंडळी, आमची लॅब्रॅडॉर दीड वर्षाची आहे. डमी (सरावासाठी फेकून कुत्र्याकडून आणवायची वस्तू) आणून द्यायचं तिला भयंकर वेड. पुढे तिला न दिसलेली डमी लांबून हातवारे करून शोधायला शिकवायची आहे आणि त्यासाठी शिट्टीवर थांबणं पक्कं हवं. तिथेच गाडी अडली आहे.

एक लांब शिट्टी म्हणजे जागच्या जागी बस आणि माझ्याकडे बघ, हे तिला कळतं. शेजारून चालताना वाजवली की बूड टेकलंच. मोकळी हुंदडत असली, दहा-पंधरा पावलांवर असली, तरी बसते. पण डमी फेकून तिला सोडलं आणि अर्ध्या वाटेत शिट्टी दिली की थांबायचं नावच नाही. एक कान मागे वळलेला दिसतो, म्हणजे ऐकू येतंय हे नक्की! डमी उचलते आणि काही झालंच नाही अशा थाटात हातात आणून देते. तेव्हा रागवावं तर डमी आणल्याबद्दल रागावलो असं तिला वाटेल, म्हणून गप्प बसतो.

दुसरं, थांबली तरी चार-पाच पावलं माझ्याकडे सरकून मग बसते. आणि हल्ली एक नवीनच सुरू झालंय: शिट्टी वाजलेलीच नसताना मध्येच थांबून मागे वळून बघते.

शिट्टी ठरावीक सुराची प्लास्टिकची आहे, घरात सगळे तीच वापरतात. बोलावण्यासाठी छोट्या तुटक फुंका, थांबवण्यासाठी एक लांब, सोबत हात वर. शॉक कॉलर वापरायची नाही, तेव्हा तो सल्ला कृपया नको. कुठून सुरुवात करू?

प्रतिसाद

पहिल्या आणि शेवटच्या तक्रारीचं मूळ एकच दिसतंय. फेकलेली, पडताना डोळ्यांनी पाहिलेली डमी ही रिट्रीव्हरला, म्हणजे वस्तू उचलून आणणाऱ्या जातीच्या कुत्र्याला, थांबवण्याची सगळ्यात अवघड जागा. नजर पडल्या जागेवर खिळलेली असते आणि तिच्या जातीचं कामच ते. तिथे वारंवार थांबवलं तर एक तर ती शिट्टी कानाआड करायला शिकते, नाहीतर तिचा आत्मविश्वास जातो आणि ‘आता वाजेल’ म्हणून आधीच वळून बघायला लागते. तुमच्याकडे दोन्ही झालंय. तेव्हा पाहिलेल्या डमीवर शिट्टी पूर्ण बंद. ती डमी तिला बिनबोभाट आणू द्या.

थांबणं वेगळं शिकवा आणि थांबल्याचा मोबदला नेहमी तिच्या पलीकडे पडू द्या. ती मोकळी फिरत असताना शिट्टी वाजवा, बसली की लगेच चेंडू तिच्या डोक्यावरून मागे फेका आणि आणायला सोडा. खाऊ हातातून दिलात तर ती हाताकडे येणारच. सरकण्याची सवय त्यातूनच लागते. मजा मागे आहे हे कळलं की पुढे यायचं कारणच उरत नाही. तरीही सरकली तर न बोलता जा, शिट्टी वाजली तेव्हा ती जिथे होती बरोबर तिथे नेऊन बसवा, परत आपल्या जागी या आणि मग चेंडू.

हे पक्कं झालं की ठेवलेली डमी घ्या. तिला सोबत नेऊन तिच्यादेखत डमी ठेवायची, दोघांनी मागे यायचं, मग तिला पाठवायचं. पहिली शिट्टी ती चार-पाच पावलं गेली असतानाच, वेग पकडायच्या आत. बसली, नजरेला नजर दिली, की हात वर करून त्याच डमीकडे सोडा. थांबल्यामुळे डमी हातची जात नाही, उलट थांबल्यावरच ती मिळते, एवढं तिच्या डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. मग अंतर हळूहळू वाढवा. आणि दरवेळी थांबवू नका. बहुतेक वेळा सरळ जाऊ द्या, नाहीतर ती अडखळत धावायला लागेल.

नाही थांबली तर पुन्हा पुन्हा फुंकू नका. दुसऱ्या-तिसऱ्या फुंकीला थांबलेलं चालतं, हाच धडा ती घेते. डमीजवळ एक मदतनीस उभा करा. ती थांबली नाही तर त्याने डमी उचलून घ्यायची. सध्या तिला न थांबण्याचं बक्षीस दरवेळी तोंडात मिळतंय!

प्रतिसाद

वरच्याशी सहमत. लांब दोरी वापरणार असाल तर हार्नेसला (छातीभोवती बांधायच्या पट्ट्याला) लावा, गळपट्ट्याला नको. भरधाव कुत्र्याला दोरीचा हिसका मानेवर बसला तर इजा होते. आणि समोरून वारा असेल तर आवाज तुमच्याच मागे जातो, सुरुवातीला तशा दिशेने पाठवू नका. माझं आणखी एक मत: ‘बस’ असं तोंडाने ओरडून शिट्टीला जोड देऊ नये. शिट्टीत राग नसतो, आवाजात येतोच.

मूळ लेखक

मनापासून आभार. चेंडू मागे फेकायचं आजच सुरू करतो. पण मदतनीस रोज कुठून आणू? एकट्याने जमेल का? आणि ती मध्येच वळून बघते तेव्हा मी नेमकं काय करायचं?

प्रतिसाद

एकट्याने जमतं. तिला एका टोकाला बसवून ठेवा, डमी दुसऱ्या टोकाला, आणि तुम्ही मध्ये, पण डमीच्या बाजूला जास्त जवळ. तिथूनच तिला सोडा. ती तुमच्या दिशेने धावत येणार, तेव्हा शिट्टी दिलीत आणि थांबली नाही तरी डमीपर्यंत आधी तुम्हीच पोचता. थांबली तर बाजूला व्हा आणि जाऊ द्या. फक्त हे बोलावण्याच्या सरावात मिसळू नका. बोलावल्यावर वाटेत थांबवायला लागलात तर कुत्रं रेंगाळत यायला लागतं.

वळून बघितलं तर हात दाखवू नका, नाव घेऊ नका. पुतळ्यासारखे उभे राहा. बहुतेक जणी जरा वाट बघून पुन्हा निघतात. नाहीच निघाली तर चार पावलं पुढे जा आणि पहिल्यांदा पाठवताना दिलेला शब्दच पुन्हा द्या. पुढच्या वेळी अंतर कमी आणि डमी पांढरी, लांबून दिसेल अशी ठेवा.