पाल्मिराची कमान पुन्हा उभारावी का? माझं मत: नको

उंटावरचा_शहाणा
2009 मध्ये नोकरीनिमित्त दुबईत होतो. चार दिवस सुट्टी जोडून मिळाली म्हणून सीरियाला गेलो. दमास्कसहून बस निघाली की तीन तास नुसता पिवळट माळ. मग अचानक खजुरांची हिरवी रेघ आणि तिच्या अल्याडपल्याड खांबच खांब. हेच पाल्मिरा, रोमन काळातल्या शहराचे अवशेष. तिथले लोक तदमुर म्हणतात.

मोठ्या कमानीपाशी गाइडनं मला आधी एका बाजूनं उभं केलं, मग दुसऱ्या. दोन्हीकडून कमान अगदी समोर. खरं तर रस्ता तिथं तीसेक अंशांत वळतो. ते वळण झाकायला रोमन सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळातल्या कारागिरांनी कमानच पाचरीसारखी बांधली, दोन तोंडं दोन दिशांना. मी चहा विसरून तिला प्रदक्षिणा घालत बसलो होतो.

ऑगस्ट 2015 मध्ये आयसिसनं बालशामिन आणि बेल ही दोन्ही देवळं स्फोटकांनी उडवली. ऑक्टोबरात ही कमान गेली. आता सीरियातली असद राजवट पडल्यावर पुनर्बांधणीच्या गप्पा पुन्हा सुरू झाल्यात. माझं म्हणणं, पडलंय तसं राहू द्या. अफगाणिस्तानात बामियानला 2001 मध्ये तालिबाननं बुद्धमूर्ती उडवल्या, तेव्हापासून रिकामे कोनाडे उभे आहेत, ते बघून पोटात जे कालवतं ते नव्या मूर्ती बघून होणार नाही. गुन्ह्याची जागा झाडूनपुसून कशाला ठेवायची?

सिमेंटवाला
पूर्ण असहमत. शहाणेसाहेब, तुम्ही 2009 मध्ये जे पाहिलंत ते ‘जसंच्या तसं’ होतं असं वाटतंय का? ती कमान 1930 च्या दशकात डागडुजी करून सावरलेली होती. चौकातला टेट्रापायलॉन आठवतोय? चार चौथरे, प्रत्येकावर चार खांब, एकूण 16. त्यातला मूळचा इजिप्शियन ग्रॅनाइटचा खांब फक्त एक! बाकीचे 15 सीरियाच्या पुरातत्त्व खात्यानं 1963 मध्ये काँक्रीटचे ओतलेले. जानेवारी 2017 मध्ये आयसिसनं टेट्रापायलॉन फोडला तेव्हा जगभर ‘दोन हजार वर्षांचा वारसा नष्ट’ म्हणून गळे काढले गेले. फुटलं ते बरंचसं माझ्या वडिलांच्या वयाचं काँक्रीट होतं.

एकदा उभारलेलं चालतं, मग दुसऱ्यांदा का नाही?

थेम्सकाठची_मावशी
दुसऱ्यांदा कसं होतं ते मी डोळ्यांनी पाहिलंय. एप्रिल 2016, लंडनचा ट्रफाल्गर चौक. फोटोंवरून संगणकात आकृती तयार केली, इटलीत यंत्रानं इजिप्शियन संगमरवर कोरला आणि मूळच्या दोन तृतीयांश मापाची कमान आणून ठेवली. तीन दिवस. लोक सेल्फी काढत होते, मीही काढला, खोटं कशाला बोलू. पण जवळ जाऊन हात फिरवला तर साबणाच्या वडीसारखी गुळगुळीत. नक्षीच्या कडा कुठं झिजलेल्या नाहीत की उडालेल्या नाहीत. लग्नाच्या हॉलबाहेरची कमान वाटली हो. पुढं ती न्यूयॉर्कलाही गेली. असलं काही तदमुरात उभं राहणार असेल तर मी शहाण्यांच्या बाजूनं.

सिमेंटवाला
मावशी, तुलनाच चुकतेय. तिथं एकही मूळ दगड नव्हता. तदमुरात कमानीचे पुष्कळ दगड जागेवर पडलेले आहेत. पडलेले मूळ दगड ओळखून आपापल्या जागी परत बसवायचे, याला अ‍ॅनास्टायलोसिस म्हणतात. स्मारकांच्या जतनाबाबतचा 1964 चा व्हेनिसचा जाहीरनामासुद्धा याला परवानगी देतो. अट एवढीच की नवीन भर घातली तर ती नवीन म्हणून ओळखू आली पाहिजे. अल्लात देवीच्या देवळाचा तो प्रचंड दगडी सिंह बघा, आयसिसनं तोडला, पोलिश संवर्धकांनी तुकडे जुळवून 2017 मध्ये दमास्कसला उभा केला. त्यालाही तोतया म्हणणार?

ओसरीवरून
सगळे दगडांवर बोलताय. माणसं कुठायत? बेलच्या देवळाच्या आवारात 1930 पर्यंत अख्खं गाव नांदत होतं. घरं, गल्ल्या, आणि खुद्द गाभाऱ्यात मशीद. त्याआधी तिथंच चर्च होतं. तेव्हा सीरियावर ताबा असलेल्या फ्रेंचांनी 1929 ते 1932 मध्ये ती वस्ती उठवली, घरं पाडली आणि रोमन काळाचं ‘शुद्ध’ देऊळ मोकळं केलं. आता बांधायचं ते कुठलं? इसवी सन 32 मध्ये देवाला वाहिलेलं, चर्चवालं, मशीदवालं, की फ्रेंचांनी पुसून ठेवलेलं?

आणि तदमुर म्हटलं की कित्येक सीरियनांना खांब आठवत नाहीत, तिथला तुरुंग आठवतो. जून 1980 मध्ये तिथं एका दिवसात शेकडो कैद्यांना मारलं. तो तुरुंगही आयसिसनंच उडवला. त्याच्या प्रतिकृतीसाठी कुणी संगमरवर कोरायला निघालेलं दिसलं नाही.

उंटावरचा_शहाणा
ओसरीवरून, तुरुंगाचा मुद्दा झोंबला. मी तिथं गेलो तेव्हा गाइडनं त्याचा उच्चारही केला नव्हता.

सिमेंटवाल्यांचं अर्धं पटतंय. दगड जागेवर असतील तर कमान बसवा, हरकत मागे. देवळाबाबत मात्र ठाम आहे. बेलच्या गाभाऱ्याचा फक्त मोठा दरवाजा उभा राहिलाय, बाकी ढिगारा. तिथं ‘परत बसवणं’ म्हणजे निम्म्याहून जास्त नवं कोरणंच होईल. इथले पुरातत्त्व अधिकारी खालिद अल-असद यांनी 40 वर्षं ही जागा सांभाळली. वयाच्या ऐंशीनंतर, लपवलेल्या वस्तू कुठं आहेत ते सांगितलं नाही म्हणून आयसिसनं त्यांचा शिरच्छेद केला. त्यांच्या तदमुरात यंत्रानं कापलेलं गुळगुळीत देऊळ मला बघवणार नाही.

सिमेंटवाला
अल-असद यांनी तिथली सूत्रं हाती घेतली तेही 1963 मध्येच, म्हणजे ते काँक्रीटचे खांब उभे राहिले त्याच वर्षी. त्यांना काँक्रीटचं वावडं होतं असं धरून चालू नका, एवढंच.

थेम्सकाठची_मावशी
बरं, मग एक सांगा. टेट्रापायलॉन पुन्हा उभारायचा ठरला तर ते 15 खांब ग्रॅनाइटचे करायचे, की 1963 सारखे काँक्रीटचेच?